लातूरची ही लायब्ररी आणि लढाईवरून घरी येणारी माणसं

सहा महिने झाले लिहीन लिहीन म्हणतेय, आज नाईट करून आले आणि झोप काही येईना म्हणून लिहूनच टाकते. लांब होईल, चालवून घ्या.

लातुरात पुस्तकाचं दुकान कुठंय विचारलं की लोक नीट-जेईईच्या गाईडांचं दुकान दाखवतात. त्यात कुणाची चूक नाही, गावच क्लासचं झालंय. पण गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात त्यातल्या एका रस्त्यावर भांड्याच्या दुकानाच्या वर ही लायब्ररी आहे. जिना अरुंद आहे, कठड्याला धरून चढावं लागतं, वर गेलं की एकच लांब खोली आणि भिंतीभर लोखंडी कपाटं. चालवणारे सर रिटायर्ड आहेत, हायस्कूलला इतिहास शिकवायचे. डिपॉझिट ५०० रुपये, महिन्याला १५०, एका वेळी दोन पुस्तकं. घरात म्हातारं माणूस असेल तर घरपोच, सरांचा भाचा स्कूटीवर आणून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

मी गेले ते सासूबाईंसाठी. मी त्यांना आत्या म्हणते. वय ८४, मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय पण पडदाच खराब झालाय त्यामुळं छापील अक्षर दिसत नाही. टीव्ही त्यांना नको असतो, वाचून दाखव म्हणतात. मग मी ड्युटी बघून रोज रात्री तासभर वाचते. सुरुवातीला सरांना म्हणलं ऐतिहासिक काहीतरी द्या, त्यांनी नेहमीच्या शिवकाळातल्या, पेशवाईतल्या कादंबऱ्या दिल्या. आत्यांनी दोन-तीन ऐकल्या आणि मग म्हणाल्या, "लढाया ऐकून ऐकून कान किटले गं. लढाई झाल्यावर घरी काय झालं ते कुणी लिव्हलंय का इचार की तुझ्या सरांना."

मी जशाच्या तसं सरांना सांगितलं. सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग स्टूल घेऊन वरच्या फळीवरून तीन पुस्तकं काढली आणि म्हणाले, "सिस्टर, ह्या घेऊन जा. ह्यात लढाई पहिल्या वीस पानांत संपते." हा रिव्ह्यू मी त्या तीन पुस्तकांमुळं लिहितेय.

म्हणजे युद्ध संपल्यानंतरच्या प्रेमकथा. नवरा कैदेत, बायको गावात, पोरं इकडंतिकडं, कुणी जखमी, कुणी बेपत्ता, आणि मग हळूहळू एकेक माणूस घरी येतंय. बऱ्याचशा इंग्रजीवरून मराठीत आलेल्या आहेत, काही आपल्या मराठी. नावं मी मुद्दाम लिहीत नाही कारण ह्या प्रकारात कोण परत येतं हे कळलं की संपलं, सरांना नुसतं सांगा "लढाईनंतर घरी येणारी माणसं" तर ते काढून देतात. मला आधी वाटलं होतं की हे नुसतं रडवायचं सामान असेल, स्टेशनवर गाडी थांबते, धूर जातो, समोर तो उभा, दोघं पळत येतात, समाप्त. तशाही आहेतच की. सरांकडंच पाच-सहा आहेत तशा, पण मागितल्याशिवाय ते देत नाहीत.

मी नर्स आहे, तीस वर्षं झाली, त्यामुळं दवाखान्याचा प्रसंग आला की माझं लक्ष वेगळीकडंच जातं. एका कादंबरीत १९४० सालच्या जखमी सैनिकाला वॉर्डात पेनिसिलिन देतात. अहो, पेनिसिलिनचं इंजेक्शन उपचार म्हणून पहिल्यांदा दिलं तेच १९४१ च्या फेब्रुवारीत, ऑक्सफर्डला एका पोलिसाला, आणि तो सुधारायला लागला होता पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत काढून देत होते, तरी संपलं आणि तो गेला. सैन्याला पुरेल एवढं व्हायला १९४४ उजाडलं. तोपर्यंत जखमेवर सल्फाची जंतुनाशक पावडर. मी हे सरांना सांगितलं तर त्यांनी त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं टिपून ठेवलं, पुढच्या वाचणाऱ्यासाठी. असा लायब्ररीवाला मी तरी दुसरा बघितला नाही.

दुसऱ्या एका कादंबरीनं मात्र हे काम फार नीट केलंय. त्यातला माणूस विमानात भाजलेला आहे, तोंड आणि हात. इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेड म्हणून गाव आहे तिथं मॅकिंडो नावाचे सर्जन होते, खरेच होते, भाजलेल्या पायलटांची तोंडं त्यांनी एकेक ऑपरेशन करत परत उभी केली. समुद्रात पडलेल्या पायलटांच्या जखमा जास्त चांगल्या भरतात हे त्यांनी हेरलं आणि तेव्हा भाजलेल्यावर लावायचे ते टॅनिक ॲसिड सोडून मिठाच्या पाण्याच्या अंघोळी सुरू केल्या. आणि मला सगळ्यात भावलेलं म्हणजे ते ह्या पोरांना वॉर्डात कोंडून ठेवायचे नाहीत, गावात पाठवायचे, गावानंही ठरवलं होतं की कुणी टक लावून बघायचं नाही. कादंबरीतली प्रेमकथा ह्या गावातच घडते, ती पोस्टात काम करते आणि तो पहिल्यांदा तिकीट घ्यायला येतो तेव्हा ती त्याच्या डोळ्यात बघून सुट्टे पैसे मागते. बस. एवढंच. मी ड्युटीवर बर्न्सचे पेशंट केलेत, आरशाला पदर टाकणाऱ्या बायका बघितल्यात, तो सुट्ट्या पैशांचा प्रसंग लिहिणाऱ्याला काय माहीत होतं ते मला कळलं. आत्यांना मात्र ही कादंबरी एवढी नाही आवडली, त्यात लेकरं नाहीत म्हणाल्या.

लेकरांवरून आठवलं. पोलंडच्या एका कुटुंबाची कादंबरी नेली होती, बाप सैन्यात, आई आणि पोरं सैबेरियात, मग इराण आणि तिथून जहाजानं हिंदुस्थान. परत द्यायला गेले तेव्हा सर म्हणाले, "हे लोक आपल्या कोल्हापूरला होते की ओ सिस्टर." मला माहीतच नव्हतं. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुलं, शाळा, चर्च, नाटकाचा हॉल सगळं होतं. युद्ध संपलं तरी त्यांना जायला घर नव्हतं, देशाच्या हद्दीच बदललेल्या, मग कुणी इंग्लंडला नवऱ्याकडं गेलं, कुणी अजून कुठं. यंदा अंबाबाईच्या दर्शनाला गेलो तेव्हा मी मुद्दाम महावीर गार्डनमधलं त्यांचं स्मारक बघून आले, घरचे म्हणत होते चप्पल घ्यायला उशीर होतोय. मी तिथं उभी राहिले तर मला त्या कादंबरीतली धाकटी पोरगी आठवत होती, जी नवीन माणसाला भेटली की आधी त्याच्या खिशात भाकरी आहे का बघते.

सरांचं असं आहे की पुस्तक देताना ते एक धागा हातात देतात. पानिपताचं बोलणं निघालं तर म्हणाले, हा प्रकार आपल्याकडं जुनाच आहे सिस्टर, सदाशिवराव भाऊ १७६१ ला पडले तरी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, वाट बघत राहिल्या, आणि मग मीच भाऊ म्हणून तोतया उभा राहिला, किती लोकांनी त्याला खरंही मानलं. मी घरी येऊन आत्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, "मानणारच की. ज्याचं माणूस गेलंय त्याला आलेला माणूस आपलाच वाटतो."

आता मुख्य गोष्ट. आणि तक्रारही हीच आहे.

सगळ्यात चांगली कादंबरी फ्रान्समधली होती. १९४० ला फ्रान्स पडलं तेव्हा अठरा लाख सैनिक जर्मनांनी कैद केले आणि त्यातले बरेचसे पाच वर्षं तिकडंच राबत होते. कादंबरीतला नवरा त्यातलाच, तो गेल्यावर मुलगी झालेली, त्यानं तिला बघितलेलंच नाही. मधल्या काळात कैद्यांच्या पत्रांचे छापील फॉर्म यायचे, त्यावर मोजक्याच ओळी लिहायची परवानगी, तेही घरगुती. ती बायको रात्रभर बसून शब्द मोजते, मुलीला दात आला हे लिहू का गाय मेली हे लिहू. मी तिथं थांबले आणि आत्यांना विचारलं तुम्ही काय लिहिलं असतं. आत्यांनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, "आम्ही खुशाल. तुमी जेवताव का." मग गप्प बसल्या आणि म्हणाल्या बाकीचे शब्द परत दे त्यांना.

१९४५ ला तो सुटतो, पॅरिसला ओर्से स्टेशनात कैद्यांना उतरवून घेत होते तिथं येतो. छळछावण्यांतून आलेल्यांना ल्युतेशिया नावाच्या हॉटेलात ठेवलं होतं आणि तिथं भिंतीवर फोटो लावलेले, ह्याला कुणी बघितलंय का. हे वाचताना माझा आवाज बसला. मी १९९३ ला नर्सिंगला होते सोलापूरला, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा. गणपती बुडवून लोक झोपले होते, ३० सप्टेंबरची पहाट, आणि उजाडल्यावर ट्रकनं, टेम्पोनं पेशंट यायला लागले. नातेवाईक याद्या वाचत फिरत होते. मला आठवतंय एक बाप वॉर्डात शिरून हाका मारत नव्हता, नुसता प्रत्येक कॉटवरच्या लेकराचे पाय बघत होता. तोंडं धुळीनं सारखीच झाली होती ना. पायांवरून ओळखत होता. त्याला सापडलं का नाही ते मला माहीत नाही, माझी ड्युटी बदलली. बत्तीस वर्षं मी ते पाय बघणं कुणाला सांगितलं नव्हतं, त्या रात्री आत्यांना सांगितलं. आत्यांनी पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि माझ्या डोक्याला तेल लावलं.

तर कादंबरी. शेवटाकडं तो गावच्या वाटेला लागतो, मुलगी विहिरीवर आहे, तो लांबून दिसतो, आणि पान संपतं. पुढं पानंच नाहीत! शेवटचा अख्खा फर्मा गळालेला, १६ पानं, बाईंडिंग करणाऱ्यानं पुठ्ठा मात्र छान लावलेला. रात्रीचे साडेदहा, लाईट गेलेली, मी टॉर्चवर वाचत होते. मला इतका राग आला सांगू. सर, पुस्तक देण्याआधी शेवटचं पान बघत जा, ही माझी हात जोडून विनंती आहे. बाकी कुठल्याही पुस्तकाचं चालेल एकवेळ, ह्या प्रकारात शेवट नसणं म्हणजे माणूस वेशीवर सोडून देणं आहे.

आत्या अंधारात म्हणाल्या, "आला असंल त्यो घरी. पण पोरीनं वळखलं का?"

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी ऐकलं नव्हतं. आत्यांचं माहेर आताच्या धाराशिव जिल्ह्यात. १९४८ चा उन्हाळा, निजामाचं राज्य, निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांची भीती, देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलेलं पण आपल्याकडं नाही. आसपासच्या गावांतून लोक हद्दीपलीकडं बार्शीला, सोलापूरला जात होते. आत्या सात वर्षांच्या, आई, आज्जी आणि दोन वर्षांची धाकटी बहीण बैलगाडीनं रातोरात बार्शीला गेले, वडील मागं राहिले, जनावरं होती. मग सप्टेंबरात पोलीस ॲक्शन. १३ तारखेला सोलापूरकडून भारताच्या फौजा शिरल्या, नळदुर्ग पहिल्याच दिवशी घेतलं, १७ ला निजाम शरण आला. पाच दिवस. पाठ्यपुस्तकात चार ओळी.

वडील त्यानंतर दहा-बारा दिवसांनी बार्शीला आले, पायी. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याचाच सदरा. आत्यांनी ओळखलं. धाकटी किंचाळत आज्जीच्या मागं पळाली. आठ दिवस त्यांच्याजवळ गेली नाही. आत्यांचे आण्णा, म्हणजे वडील, काय करायचे, रोज ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरायचे, तिला हाक मारायचे नाहीत, तिच्याकडं बघायचेही नाहीत. नवव्या दिवशी ती आपण होऊन आली, अडकित्ता हातातनं काढून घेतला आणि पळाली. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. "तवा बाप घरी आला बग," आत्या म्हणाल्या. "ते आधीचं नुसतं चालत आलेलं."

आणि अजून एक सांगितलं. गावात आण्णांना दोन रात्री ज्यांनी घरात लपवलं ते शिंपीकाम करणारे चाचा, मुसलमान. त्यांची पोरगी आत्यांबरोबर सागरगोटे खेळायची. आत्याचं कुटुंब दिवाळीला गावी परत आलं तर चाचांच्या घराला दार नव्हतं. ॲक्शननंतर मुसलमानांचं काय झालं ते आपल्याकडं मोठ्यानं बोलत नाहीत, सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं तेव्हाच अहवाल लिहिला, २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा सगळ्यात जास्त झळ बसलेल्यांत, आणि तो अहवाल कितीतरी वर्षं बंद राहिला. आत्या अहवाल वगैरे काही जाणत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "ते कुठं गेले कुणालाच ठावं न्हाई. तिचे सागरगोटे माज्याकडंच राहिले."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले, भांडायलाच गेले होते १६ पानांसाठी, आणि हे सगळं सांगून बसले. सर उठून पाणी घेऊन आले. मग मी विचारलं, सर, नळदुर्गच्या ह्या पाच दिवसांनंतर घरी आलेल्या माणसांची, न आलेल्यांची, अशी प्रेमाची कादंबरी आहे का तुमच्याकडं? पॅरिसचं स्टेशन आम्हाला पाठ झालं, बार्शीचं स्टेशन कुठल्या पुस्तकात आहे का? सरांनी मुक्तिसंग्रामाचं कपाट उघडून दाखवलं, इतिहास आहे, आठवणी आहेत, सत्याग्रहींची चरित्रं आहेत, स्वामी रामानंद तीर्थांवरचं तर एक अख्खा कप्पा. सगळं चांगलं. पण नवऱ्यानं परत आल्यावर पहिल्या रात्री काय बोललं, लेकरू कधी मांडीवर आलं, हे लिहिलेली कादंबरी सरांच्या कपाटात नव्हती. सर म्हणाले शोधतो. अजून शोधतायत, दर महिन्याला मला सांगतात कुठं कुठं विचारलं ते. मुद्दाम इथं लिहितेय, कुणाला माहीत असेल तर सरांना जाऊन सांगा, किंवा कुणी लिहीत असेल तर लिहून संपवा बाबा, आमच्या घरी ऐकणारी बाई ८४ वर्षांची आहे.

गळालेल्या १६ पानांचं काय झालं तर सरांनी त्या महिन्याचे १५० परत केले, मी नको म्हणत असताना, आणि सोलापूरच्या एका मित्राच्या लायब्ररीतून झेरॉक्स मागवली. बारा दिवस लागले. भाच्यानं रविवारी पाऊस असताना प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणून दिली. त्या रात्री वाचली. मुलगी विहिरीवरून बघते, घागर सोडते, पळत जाऊन गळ्यात पडते, बाबा म्हणते. आत्या म्हणाल्या, "लगीच? खोटं हाय ते. एवढी चांगली बाई लिवणारी आणि शेवटाला गडबड केली बग तिनं." मला पण तसंच वाटलं, आधीची तीनशे पानं जिनं शब्द मोजून लिहिली तिनं शेवटी घाई केली. पण त्याच लेखिकेची दुसरी सरांनी दिलीय, त्यात नवरा अर्ध्यातच परत येतो आणि उरलेलं निम्मं पुस्तक तो घरात कसा राहायला शिकतो त्याचं आहे, रात्री कुत्रं भुंकलं की उठून बसतो, ताटात उरलेलं पोळीचं तुकडं उशीखाली ठेवतो, आणि बायको ते रोज सकाळी काढते पण बोलून दाखवत नाही. ह्याला नाव पण नव्हतं तेव्हा, पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला आघात, हा शब्द डॉक्टरांच्या पुस्तकात आला १९८० ला. आत्या म्हणतात हे खरं. रोज दहाच पानं वाच म्हणतात, लवकर संपवू नको.

बाकी तक्रारी. भाषांतरं काही फार वाईट आहेत, फ्रान्सची शेतकरीण पुस्तकी मराठीत बोलते, "मी आपली प्रतीक्षा करीत राहीन" म्हणते, आत्या मध्येच विचारतात ही कुठल्या गावची हाय. मी वाचता वाचताच आपल्या बोलीत करून टाकते, "वाट बघूलाले मी" असं, त्याला मेहनत पडते पण मग आत्या हुंकार देतात. काही पुस्तकांना वाळवीचा वास आहे, दम्याच्या माणसानं उन्हात ठेवून मग उघडावीत. यादी कॉम्प्युटरवर नाही, सगळं सरांच्या डोक्यात, सर गावाला गेले की भाच्याला काही सांगता येत नाही. जिन्याला एक बल्ब लावा, गुडघेदुखीवाले वर येऊ शकत नाहीत.

चार स्टार देतेय, पाचवा शेवटचं पान बघून पुस्तक द्यायला लागले की देईन. दुपारी १ ते ४ बंद असते, मंगळवारी पूर्ण दिवस. जाताना गोलाईकडून पायी जा, गाडी लावायला जागा नाही. आणि सर कुठलं पुस्तक पाहिजे ते विचारत नाहीत, कुणासाठी पाहिजे ते विचारतात, तेव्हा नीट सांगा.